चाळीस खड्डे

दर पंधरा दिवसांनी टेकडीखाली बस थांबायची आणि परदेशी पाहुणे उतरायचे. नाकावर पांढरं मलम, पायात नवे बूट, मनात खरीखुरी इच्छा: या उघड्याबोडक्या टेकडीवर आपल्या हातांनी झाड लावायचं. पाहुणे चाळीस, खड्डे चाळीस. पाहुणे बदलायचे, खड्डे तेच.

रोपवाटिका मावशीची. बी तिने पेरलं, अंकुरावर सावली तिने धरली, पानामागची कीड बोटाने टिपली. प्रकल्पाचा व्यवस्थापक तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हणून सगळा प्रकल्पच तिला मावशी म्हणायचा.

भाच्याचा नियम सोपा होता. रोप काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवायचं, वर माती सारायची, फोटो काढायचा. पाहुणे विमानात बसले की रोपं उपसून परत वाटिकेत. पुढच्या बसला तीच.

"पिशवी मातीत विरघळते, असं सांगायचं त्यांना," तो म्हणायचा.

"तू सांग. माझी जीभ वळत नाही."

"आपल्या ताब्यात चाळीस खड्ड्यांपुरतीच जागा. मोठी जागा मिळेपर्यंतच गं."

जागेची वाट बघता बघता दोन वर्षं सरली. या खेपेला मावशीने पिशव्या दाबून पाहिल्या. दगडासारख्या. पानांचे शेंडे पिवळे पडलेले. आणखी एक फेरा, की संपलं.

या बसमधून एक उंच मुलगी आली होती. सोबतचे तिला जिराफ म्हणत. तिने रोप हातात घेतलं आणि मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, "मावशी, पिशवी एवढी घट्ट का?"

मावशीने कमरेला खोचलेली धारदार पाती काढली आणि पिशवी उभी चिरली. आत मुळंच मुळं. गोल गोल, एकमेकांच्या गळ्यात पडलेली, जागा शोधून शोधून थकलेली.

"यांना फिरवतात. एका खड्ड्यातून वर, दुसऱ्या बसला परत खाली."

जिराफ बघतच राहिली. "म्हणजे गेल्या बसने लावलेली झाडं?"

"हीच."

"आणि मी लावलं तर?"

"पुढच्या बसला."

मुलीचे कान लाल झाले. "वर्षभर रजा साठवली मी. आजीला सांगून आले, तुझ्या नावाचं झाड लावते म्हणून." ती थांबली. "दुसरी पाती आहे?"

वाटिकेत पाच पात्या होत्या. जिराफने बाकीच्यांना त्यांच्या भाषेत काय सांगितलं कोण जाणे, पण कोणी फोटो काढायला थांबलं नाही. पिशव्या चिरल्या, मुळं बोटांनी सोडवली, रोपं मातीत बसली.

भाचा वर आला तेव्हा चाळिसाव्या रोपाभोवती आळं होत होतं आणि बाजूला फाटक्या पिशव्यांचा ढीग पडला होता.

"मावशी, हे काय करून ठेवलंस?"

"लावणी."

"पंधरा दिवसांनी दुसरी बस येतेय. त्या माणसांनी काय करायचं? प्रकल्प बुडवशील माझा."

"तुझी आई आजारी होती तेव्हा तुला या हातांनी वाढवलं. पाळण्यातून काढून दर पंधरा दिवसांनी नव्या माणसांपुढे मांडलं नाही रे कधी."

वाकून त्याने जवळचं खोड मुठीत धरलं.

"उपट," मावशी शांतपणे म्हणाली. "पण आता पिशवी नाहीये. मुळं तुटतील, हातात काटकी येईल. हे बघतायत सगळे."

चाळीस माणसं मातकट हातांनी उभी होती. भाच्याने मूठ सोडली.

पंधरा दिवसांनी बस आली. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मावशीने एकेक बादली दिली.

"या. झाडं लावून झालीत. विहीर खाली आहे, झाडं वर आहेत," ती म्हणाली आणि स्वतःची बादली उचलून चढण चढू लागली.