सहाव्या धोंड्यावरची फुंकर

लग्नाळू पोरापोरींच्या सोयरिकी जुळवायचं काम मी हौसेनं करतो. पैसा घेत नाही. लग्नात एक टोपी, एक उपरणं आणि पंगतीच्या पहिल्या ओळीत जागा, एवढ्यावर आपण खूश. सगळी नोकरी खामगाव डेपोत कंडक्टर म्हणून काढली, त्यामुळे आसपासच्या गावांतली घरं मला तोंडपाठ. कोणाची पोरगी लग्नाची झाली, कोणाचा पोरगा नुसताच वयानं वाढला, हे तिकीट फाडता फाडता कळायचं. आता निवृत्त झालो तरी लोक कडूबा कंडक्टरच म्हणतात, आणि तुळशीचं लग्न लागलं की माझा फोन वाजायला लागतो.

यंदा पहिला फोन आला तो पिंपळगाव राजाच्या सत्यभामाबाईंचा. बाईंचा नवरा काही वर्षांपूर्वी गेला. घराला लागूनच भाजीचा मळा आहे. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर. मायलेकी दोघीच तो पिकवतात. लेक समीक्षा बीएस्सी शिकलेली, दिसायला नीटस, कामाला वाघ. पण येईल त्या स्थळाला नाही म्हणायची. एकाचं नाक मोठं, एक फार हसतो, एक अजिबातच हसत नाही. बाई फोनवर रडकुंडीला आल्या होत्या.

"कडूबा भाऊ, हे पोट्टी दिवसभर मळ्यात राबते अन् सांजच्याले मोबाईलवर कार्टून पाह्यते. एवढी घोडी झाली अन् कार्टून! हिले कोण करन?"

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात जानेफळचे माणिकराव बाजारात भेटले. त्यांचा धाकटा हर्षल खामगावात ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला आहे, तिथेच खोली करून राहतो. माणिकरावांचंही रडगाणं तेच.

"पोट्टा कमावते, दारू नाही, खर्रा नाही. पण सुट्टीत घरी आला का कार्टून पाहत बसते, अन् फोनवर लोकायसंग भांडते. म्या म्हटलं, कोणासंग भांडतं बापा? तं म्हणे, मेघगडवाल्यायसंग."

मेघगड! सत्यभामाबाईंनी हेच नाव सांगितलं होतं. माझ्या डोक्यात डबल बेल वाजली. घरं तोलामोलाची, पत्रिका जुळतेय आणि वर खूळही एकच. मी स्वतःवरच इतका खूश झालो की घरी जाऊन बायकोला चहा करून दिला.

सत्यानाश तिथेच झाला. एका गावात दोन भजनी मंडळं असली की ती एकमेकांच्या सप्त्याचा प्रसादसुद्धा खात नाहीत, हे काय मला माहीत नव्हतं? देव एकच, तरी. पण बाबा रे, कार्टून एक असलं तरी पोरं कोणत्या मंडळातली आहेत ते तरी विचार, एवढी अक्कल मला झाली नाही.

हे मेघगड काय आहे ते मला दोघांनीही नंतर समजावून सांगितलं, वेगवेगळं, म्हणून डोकंही दोनदा दुखलं. ढगांवर वसलेला मुलूख आहे. तिथला खेळ पवनफेर. हवेत तरंगणारे सात धोंडे, एकापेक्षा एक उंच. खेळाडूनं हातात पेटती पणती घेऊन उड्या मारत वर जायचं, आणि समोरच्या संघानं मोठाले पंखे हलवून ती विझवायची. सातव्या धोंड्यावर पणती पेटती पोचली की जिंकलं. जिंकणाऱ्याला राजा वरच्या नगरात राहायला नेतो. मान मोठा. फक्त एकदा वर गेलेला माणूस परत खाली येत नाही.

नीरा नावाची पोरगी पहिल्या भागापासून या खेळासाठी जिवाचं रान करते. शेवटच्या भागात ती सहाव्या धोंड्यावर पोचते. समोर अडवायला कोणी नाही, पणती नीट जळतेय, एक उडी बाकी आहे. आणि ती स्वतःच आपली पणती फुंकून विझवते. भाग संपला. पुढचा हंगाम अजून आलेला नाही, आणि तेव्हापासून पाहणारे एकमेकांच्या उरावर बसलेत. का फुंकली? कोणी म्हणतं तिला धमकी होती. कोणी म्हणतं पणतीच खोटी होती. कोणी म्हणतं सातव्या धोंड्याखाली काहीतरी दडलंय आणि चौथ्या भागात त्याची सावली दिसते. मला विचाराल तर चित्रं काढणारे कंटाळले असतील.

तर ठरल्याप्रमाणे पाहुणे आले. माणिकराव, त्यांच्या मंडळी मनकर्णाबाई आणि हर्षल. ओसरीत सतरंजी अंथरलेली. आलूपोहे समोर आले, शिक्षण विचारून झालं, स्वैपाकाचं विचारून झालं. समीक्षा खाली मान घालून विचारलं तेवढंच बोलत होती. हर्षल चपलांकडे बघत होता. मला वाटलं, गाडी पुढे सरकत नाही, आपणच धक्का मारावा.

"अन् एक गोष्ट सांगू काय? आमची पोट्टीबी मेघगडची लय शौकीन आहे."

हर्षलनं पहिल्यांदा मान वर केली. "हाव काय? मंग तुमाले काय वाटते? नीरानं पणती काऊन फुंकली?"

"तुमाले काय वाटते?" समीक्षानं हळूच विचारलं.

"मले तं साफ दिसते. भेली ते. एवढी मेहनत घेतली अन् टाइमावर हिंमत हरली. डरपोक आहे."

समीक्षानं चहाचा कप खाली ठेवला तो असा, की बशीतून चहा सतरंजीवर आला.

"डरपोक? उलट्या वाऱ्यात चवथा धोंडा चढली ते नाही पाह्यलं काय?"

"पाह्यलं ना. तिथं पंख्यावर तिची मैतरीण होती. तिनं पंखा हळू हलवला."

"काही हळू नाही हलवला! मैतरीण होती म्हणून उलट जोरात हलवला. थांबवून पाह्य, तिचे हात दिसतात."

"म्या थांबवून थांबवूनच पाह्यलं. तूच पाह्य!"

तुमी होतं त्याचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मनकर्णाबाईंचा घास हातातच राहिला. मी चुकीच्या गाडीत बसवून दिल्यासारखे माणिकराव माझ्याकडे पाहत होते. "पोरं हो, पोहे थंडे होऊन राह्यले," असं मी दोनदा म्हटलं. कोण ऐकतो!

"भेली नसती तं उडी मारली असती," हर्षल म्हणाला. "एकच उडी! वर सगळं होतं. मान होता, घर होतं. तरीबी जो उडी मारत नाही तो डरपोकच."

समीक्षा ताडकन उठून उभी राहिली.

"अन् खाली तिची माय होती ते? पह्यल्या धोंड्यापाशी झोपडीत एकली! ढगातून पाणी शेंदून आणाले नीराशिवाय कोण आहे तिले? हे वर गेली असती तं कोण आणलं असतं पाणी? सांग ना! जिंकणं म्हणजे माय सोडून जाणं असन तं कोण जिंकन बे?"

दाखवायच्या कार्यक्रमात पोरगी पोराला 'बे' म्हणाली. माझ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. पण त्या 'बे'कडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे स्वैपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथे सत्यभामाबाई उभ्या होत्या, हातात साखरेचा डबा. बाईंनी ते कार्टून कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांना सगळं कळलं. मलाही कळलं. मोठं नाक काय आणि फार हसणं काय, ते सगळे बहाणे होते.

"म्हणून लगन नाही करत काय तू?" बाई म्हणाल्या. "माह्यापायी?"

समीक्षा आत निघून गेली.

पाहुणे उठले. "निरोप देतो," माणिकराव म्हणाले. 'निरोप देतो'चा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. परतीच्या वाटेवर गाडीत मनकर्णाबाईंनी माझी चांगली हजामत केली. पोट्टी फटकळ आहे हे आधी काऊन नाही सांगितलं, वगैरे. हर्षल खिडकीबाहेर बघत बसला होता. आणि बाईंचं बरोबरच होतं.

आता पद्धत अशी आहे की दोन घरं आपसात बोलत नाहीत. हो असो की नाही, निरोप मध्यस्थ नेतो. जुनी पद्धत आहे आणि चांगली आहे. कोणाचं तोंड कोणाला पाहावं लागत नाही. मी नकाराचा निरोप कसा गोड करून सांगावा याची तयारी करत होतो, तेवढ्यात एका सकाळी दुकान उघडायच्या आधी हर्षल माझ्या घरी हजर.

"मामा, तो भाग परत पाह्यला. चुकलो म्या."

"काय चुकलं?"

"पणती फुंकाच्या आधी नीरा खाली पाह्यते. जरासंक. म्या एवढ्या डाव पाह्यलं, पण सातव्या धोंड्याकडंच पाहत राह्यलो, म्हणून दिसलंच नाही." मग म्हणाला, "पण समीक्षाचंबी चुकलं."

"तिचं आता काय काढतं बापा?"

"तिले वाटते का रस्ते दोनच आहेत. वर जाणं नाहीतं फुंकणं. पण धोंडे तं तरंगतात ना मामा! सातवा धोंडा वरतेच राह्यला पाह्यजे असं पवनफेरच्या नियमात कुठीच नाही. तो खाली आणला तं?"

"हर्षल, मले समजन असं बोल."

"माही नोकरी खामगावात आहे. पिंपळगावावून रोज येणं-जाणं होते. बाबाजवळ कुलदीपदादा आहे, वहिनी आहे. तं मी राह्यतो ना पिंपळगावाले."

"घरजावई?" मी असा ओरडलो की बायको आतून धावत आली. घरजावयाला आमच्याकडे पोरंसोरंसुद्धा चिडवतात. पारावर बसायची सोय राहत नाही. "तुह्या बापाले सांगितलं काय हे? जोड्यानं हाणन तो. आधी तुले, मंग मले."

"सांगितलं. आई रडली. दादा म्हणे, मी आहे ना इथं. बाबा रातभर बोलले नाही. सकाळी म्हणे, जाय, पण आधी पोट्टी तुले हो म्हणते का ते तं पाह्य."

"बरं. मी निरोप नेतो."

"नाही मामा. मीच जातो. तुमी फक्त संग या."

म्हणजे मध्यस्थ नुसता शोभेला! मला रागच आला. तरी गेलो. असला तमाशा सोडून घरी कोण बसेल?

आम्ही पोचलो तेव्हा मायलेकी मळ्यात वांगी निवडत होत्या. चांगली क्रेटमध्ये, किडकी बाजूला. हर्षल बांधावर उभा राहिला, घसा खाकरला आणि पहिल्यांदा आपली चूक कबूल केली. मग सातव्या धोंड्याचं सांगितलं. मग नोकरीचं, येण्याजाण्याचं, कुलदीपदादाचं. सगळं एका दमात. समीक्षाचे हात थांबले होते. कान लाल झाले होते. मला वाटलं, आता पोरगी रडणार.

"सातवा धोंडा खाली येते हे कुठून काढलं?" ती म्हणाली. "एकाबी भागात नाही ते."

"पुढच्या हंगामात असन."

"नसन. राजाच्या साखळदंडानं बांधेल आहे तो. सहाव्या भागात दाखवलं."

"साखळदंड तुटेल आहे! उजवीकडची कडी पाह्य ना तू!"

"तुटेल नाही, गंजेल आहे!"

झालं. पुन्हा सुरू. आवाज असा चढला की शेजारच्या कपाशीतल्या वेचणाऱ्या बाया उभ्या राहून बघायला लागल्या. मी कपाळावर हात मारला. दुसऱ्यांदा आलेलं स्थळ दुसऱ्यांदा मोडायची ही तऱ्हा.

"बाई, थांबवतो मी यायले," मी सत्यभामाबाईंना म्हटलं.

"थांबवू नका भाऊ," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. मग त्यांनी हर्षलला हाक मारली. दोघंही एकदम चूप झाले.

"इकडं पाह्य बापू. मले सांभाळाले कोणी नको. माहं पाणी मी अजून माह्या हातानं भरतो. त्याच्यासाठी येत असशीन तं नको येऊ."

हर्षलचा चेहरा उतरला. समीक्षा आईकडे बघायला लागली.

"पण हिचे बाबा गेले तवापासून या घरात कोणी भांडलं नाही," बाई म्हणाल्या. "हे मले जपते, मी हिले जपतो. दोघीबी हळूहळू बोलतो, जसं घरात कोणी बिमार आहे. त्या दिवशी तुमी भांडले, अन् मले वाटलं, घरात माणसं आहेत. तुमी गेल्यावर लय सुनं सुनं लागलं. भांडाले येत असशीन तं ये."

मध्यस्थाला करायला काही उरलंच नव्हतं. समीक्षानं वांग्यांनी भरलेल्या क्रेटची एक बाजू धरली आणि हर्षलकडे बघितलं. त्यानं पटकन दुसरी धरली. बांध संपायच्या आत दोघांचं त्या गंजलेल्या कडीवरून पुन्हा जुंपलं, आणि सत्यभामाबाई मागून ऐकत ऐकत चालल्या होत्या.