आरशाला लागलेलं कुंकू

सूरजचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. त्याच साली खंडेनवमीला तात्याराव मांजरीहून पाषाणला गेले, नातीची प्रयोगशाळा बघायला. सूरज त्यांचा नातू, आणि उत्कर्षा सूरजची धाकटी बहीण.

"आबा, अणू इतके गार करायचे की ते जवळजवळ थांबतात," ती सांगत होती. "मग समोरासमोरून लेसरचा उजेड सोडायचा. उजेडाचेच खळगे होतात, त्यात अणू बसतात. धातूच्या आत इलेक्ट्रॉन कसे वागतात, ते गणित मोठ्या संगणकालाही झेपत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनच्या जागी अणू घेऊन ही नक्कल."

"उजेडाचे वाफे म्हण की. वरंबा बुटका असला की पाणी रानभर एक होतं. उंच केला की ज्याचं त्याच्या वाफ्यात."

उत्कर्षा बघतच राहिली. "हे समजायला मला दोन वर्षं लागली."

"रानात पाण्याची दारं धरली असतीस तर दोन दिसांत कळलं असतं."

दिवाळीनंतर ते यंत्र सुटं करून नव्या इमारतीत न्यायचं होतं. त्याआधी खळग्यागणिक एकच अणू बसल्याचा फोटो मिळाला नाही, तर तिची पीएच.डी. वर्षभर लांबणार होती.

लेसर बंद करून दाराजवळच्या हत्यारांच्या कपाटाची पूजा झाली. लेसरचा उजेड वळवणाऱ्या आरशांच्या टेबलाला हात लावायचा नाही, असं उत्कर्षाने बजावलं होतं. पण घरी खुरप्यालासुद्धा कुंकवाचं बोट लावतात, आणि सगळं काम करणारं टेबल कोरडं? तात्यारावांना ते पटेना. बाकीचे पेढे घेत होते, तेवढ्यात त्यांनी एका लहान आरशाच्या चौकटीला मागून हळदकुंकू लावलं.

रविवारी उत्कर्षा मांजरीला आली ती चेहरा पाडूनच.

"एका बाजूचा उजेड कमी पडतोय. अणू तिकडेच पळतायत. पाच दिवस शोधतेय. माझ्याबरोबर काम करणाऱ्या ऋषीनेच काहीतरी हलवलंय. उद्या सरांना सांगणार आहे."

तात्यारावांचा घास हातातच राहिला. बोलावं, तर नात पुन्हा तिथे पाऊल टाकू देणार नाही. न बोलावं, तर त्या पोरावर आळ.

"ऋषीला काही बोलू नको," ते म्हणाले. "वरंबा मी तुडवलाय." आणि सगळं सांगून टाकलं.

उत्कर्षा न जेवताच उठून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"चार कण काचेवर सांडले होते. उजेडाने जळून डाग पडलाय. हळदकुंकू झालंच होतं, ओटीपण भरायची होती आरशाची!"

"चुकलं, पोरी."

"आरसा बदललाय. ऋषीनेच बसवला."

वसुबारसेला ती फोटो घेऊन सगळ्यांत आधी त्यांच्याकडे आली. काळ्यावर पांढरे ठिपके, उसाच्या लावणीसारखे ओळीने. तात्यारावांनी चष्मा पुसून एका रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं नांगी पडली हाय. उगवलंच नाही."

"असू दे. ती नांगी तुमच्या नावावर."

पुढच्या खंडेनवमीला त्यांना पुन्हा बोलावणं आलं. कुंकवाचा करंडा मात्र उत्कर्षाने दाराबाहेरच काढून घेतला.

तात्याराव १२ डिसेंबर २०२४ रोजी, गुरुवारी सकाळी, मांजरीच्या घरी वारले.