आंबट सफरचंदाचा ओंडका

मित्रांनो, जपानात हिरोसाकी गावाबाहेर सासाकी आजोबांच्या पडवीत लाकडं रचून ठेवली आहेत. त्यांतला सगळ्यात खालचा, गाठीगाठींचा ओंडका म्हणजे मी. मार्चपर्यंत मी सफरचंदाचं झाड होतो. थंडी पडली की शेगडीत जाईन. त्याआधी माझी हकीकत ऐकून घ्या.

माझ्या आईची जात मूळची अमेरिकेची, न्यूयॉर्क प्रांतातली. दीडशे वर्षांपूर्वी ती जात बोटीने जपानात आली. इथल्या लोकांनी तिला 'कोग्योकु', म्हणजे लाल रत्न, असं नाव दिलं. मी मात्र कलम नव्हे. आईच्या एका फळातली बी बांधावर पडली आणि मी उगवलो. सफरचंदाच्या बीतून हुबेहूब आईसारखं झाड येत नाही, त्यामुळे माझ्या जातीचा जगात मी एकटाच! आजोबांच्या वडिलांनी मला तण समजून उपटलं नाही, हे माझं नशीब.

खोटं कशाला सांगू, माझं फळ नुसतं खाल्लंत तर तोंड वेडंवाकडं कराल. बारकं, टणक, आंबटढाण! पण भट्टीत घालून बघा. गोड सफरचंदाचा तिथे लगदा होतो. माझी फोड आकार सोडत नसे आणि लोणी-साखरेला पुरून उरे. गावातला एक केकवाला दर वर्षी माझी सगळी फळं न्यायचा. गिऱ्हाइकं विचारायची, "त्याच झाडाची ना?" ते ऐकून मी फुगून जायचो.

पुढे मोठी, मधासारखी गोड सफरचंदं बाजारात आली. लोकांच्या जिभा गोडाला सोकावल्या. केकवाला थकला आणि त्याचं दुकान बंद झालं. माझी फळं झाडाखाली कुजू लागली. मला फार वाईट वाटायचं, पण झाडाने रडायचं तरी कुणापाशी?

आजोबा चौऱ्याऐंशीचे झाले. त्यांना शिडी चढवेना. बेवारस बागेतली कीड शेजारच्या बागांत जाते, म्हणून इथे शेती सोडणारा माणूस आपली झाडं तोडून जमीन मोकळी करतो. आजोबांनी मार्चची तारीख ठरवली.

त्याच सुमारास दमयंती आली. पुण्याची मुलगी, इथल्या विद्यापीठात पानांवरच्या बुरशीचा अभ्यास करणारी. पानं न्यायला आली आणि पिशवीभर फळं घेऊन गेली. आठवड्याने बरणी घेऊन हजर!

"सासाकी-सान, मी याचा साखरांबा केला. अगदी कैरीसारखा लागतो हो! हे झाड तोडू नका ना."

"फवारणी कोण करणार, दमयंती-सान? पण याची कलमं करता येतील."

फेब्रुवारीत मी झोपेत असताना त्यांनी माझ्या चौदा काड्या कापल्या. एप्रिलमध्ये त्या खुंटरोपांवर, म्हणजे मुळं धरलेल्या दुसऱ्या रोपांवर, बांधायच्या होत्या.

"तोवर बर्फात पुरून ठेवा," आजोबा म्हणाले.

"फ्रीजमध्ये चालतील ना? थंड ते थंडच."

"बर्फातच. आम्ही बर्फातच ठेवतो."

तिने मान डोलावली. का, ते तिने विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मार्चमध्ये मला तोडलं, मुळंही यंत्राने उपसली. माझा सगळा जीव आता त्या चौदा काड्यांत होता.

एप्रिलमध्ये आजोबांनी पडवीसमोरच्या वाफ्यात कलमं बांधली. मे उजाडला, आसपास सगळं हिरवंगार झालं. माझ्या काड्यांवरच्या एकाही डोळ्यातून कोंब फुटला नाही. दमयंतीने नखाने साल खरवडली. आत तपकिरी, मेलेलं लाकूड.

"बर्फात होत्या ना?" आजोबांनी विचारलं.

"फ्रीजमध्ये. आमच्या इमारतीपुढचा बर्फ रोज उचलतात. भाजीच्या कप्प्यात ठेवल्या, याच झाडाच्या उरलेल्या सफरचंदांशेजारी."

आजोबा पायरीवर बसले. "पिकल्या सफरचंदातून वायू सुटतो. त्याने डोळे मरतात."

"अरे देवा! मी एवढी शिकलेली..." ती रडू लागली. "मला वाटलं, तुम्ही जुन्या वळणाचे, म्हणून बर्फाचा हट्ट धरताय."

"मी तरी कारण कुठे सांगितलं? मला वाटलं, सगळ्यांना ठाऊक असतं." मग त्यांनी विचारलं, "फळं उरलीत?"

"चार. सुरकुतलीत."

"घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिने ती भाजून आणली. माझ्या फळांनीच माझी पिल्लं मारली, तरी फोडी नेहमीसारख्या ताठ होत्या. दोघांनी त्या खाल्ल्या. आजोबांनी ताटली बोटाने पुसून घेतली. ही चव आता पुन्हा कुणालाच मिळणार नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. पण कुणी जाणतं माणूस 'असंच कर' म्हणालं, तर मनातल्या मनात हसून मान डोलावू नका. 'का हो?' असं विचारा. ते माणूस आहे तोवर विचारा. दमयंतीने तेवढं विचारलं असतं, तर समोरच्या वाफ्यात आज माझी चौदा रोपं उभी असती.