झोर्नित्साच्या कमरेला घंटा

सहा खाडे झाले की मी नाव खोडते. हा नियम माझा, आणि अठरा वर्षांत मी तो कुणासाठीही वाकवला नव्हता. जिम्नॅस्टिक्स शिकायला पोरी हौसेने येतात, मग कुणाच्या मावशीचं लग्न निघतं, कुणाकडे डुक्कर कापायचं असतं, कुणाची आजी अंथरूण धरते. पेर्निकमधल्या समस्त आज्यांची तब्येत नेमकी माझ्या सरावाच्या वेळेलाच कशी बिघडते, हे मला आजवर उमगलेलं नाही.

झोर्नित्साचे महिन्याभरात पाच खाडे झाले होते. तेरा वर्षांची पोर, त्यातली सहा वर्षं माझ्या हाताखाली. रविवारी राजधानीत, सोफियाला, बल्गेरियाच्या संघाची निवड, आणि बुधवारी सकाळी सहाव्या खाड्याचा निरोप आला, "बाई, आज सुरवा आहे, येता येणार नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सणाच्या नावाखाली कातडी नि मुखवटा चढवून गावभर नाचायला हिला वेळ आहे, आणि बीमवर चढायला नाही. मी पहिली बस पकडून तिचं गाव गाठलं. नाव खोडायचंच होतं, पण तोंडावर सांगून.

तिची आई रोसित्सा अंगणातलं बर्फ लोटत होती.

"या बाई, बसा. चीज घातलेली बनित्सा आत्ताच चुलीतून काढलीय."

"बनित्सा राहू दे. मुलगी कुठंय?"

तिने माझं कोपर धरून मला खिडकीपासून लांब, लाकडांच्या ढिगामागे नेलं. "हळू बोला. सासरे ऐकतील."

मग तिने सांगितलं ते असं. घरात घंटांचा एक पट्टा आहे, पणज्यापासूनचा. सुरव्याला तो कमरेला बांधून नाचायचं, म्हणजे वर्षाची इडापिडा गावाबाहेर जाते. तिचा नवरा स्त्राहिल दोन वर्षांपूर्वी स्पेनला बांधकामावर गेला. गेल्या वर्षी पट्टा खुंटीलाच राहिला. गावाची रीत अशी की घंटा लागोपाठ दोन वर्षं आपल्या दारात वाजल्या नाहीत, की त्या दुसऱ्या घराला द्यायच्या. सासरे, म्हणजे झोर्नित्साचे गेरासिम आजोबा, पक्षाघाताने पडून आहेत. घंटा जाणार या विचाराने त्यांनी जेवण टाकलंय.

"म्हणून झोर्नित्सा म्हणाली, मी बांधते. महिनाभर कोठारात सराव करतेय. त्यांना पत्ता नाही. त्यांच्या काळी बाईमाणूस पट्ट्याला हात लावत नसे."

"वजन किती त्या पट्ट्याचं?"

"बावीस किलो."

"अगं बाई, ती पोर एकेचाळीस किलोची आहे. गुडघे जातील तिचे."

"मी सांगितलं नसेल का? ऐकते का ती माझं? तुमचं तरी ऐकते का?"

तेवढ्यात सुरव्याचं पथक आलं.

मी जन्मापासून पेर्निकची, सुरवा मला नवा नाही. पण शहरात तो कठड्याआडून बघतात. इथे तीस जण फाटकातून थेट अंगावर आले. शिंगं, पिसं, लाकडाचे दात, माणसाच्या दुप्पट उंचीचे मुखवटे, आणि तीस पट्टे एकदम उसळलेले. तो आवाज कानांनी ऐकायचा नव्हताच, तो पोटात शिरला. पन्हाळीवरचं बर्फ खाली आलं.

झोर्नित्साला ओळखायला मला क्षणही लागला नाही. तिची उंची बघून नव्हे, तर उतरणं बघून. एकोणतीस जण धाडकन आपटत होते आणि एक उंच उडून मांजरीसारखं टेकत होतं.

ते पाप माझं. "उतरलीस हे मला ऐकू येता कामा नये," असं मी सहा वर्षं तिच्या डोक्यात भरवलंय.

बाकीचे थांबले. ज्याचं दार, त्याच्या घंटा आधी एकट्या वाजतात. ती पुढे आली आणि उडाली. काय उंच उडाली ती, बावीस किलो घेऊन! पण टेकली, आणि घंटा नुसत्या कुरकुरल्या. पुन्हा उडाली, पुन्हा तेच. पथकाचा म्होरक्या मेतोदी खाली बघून मान हलवायला लागला.

खिडकीतून म्हाताऱ्याचा आवाज आला. "कुणाला बांधल्यात रे माझ्या घंटा? मेल्यासारख्या वाजतायत. बास करा, मेतोदी. घेऊन जा त्या."

रोसित्साने तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला.

मी सरळ रिंगणात घुसले. मेतोदी म्हणाला, "ओ ताई, मध्ये येऊ नका." मी म्हणाले, "तू गप रे." आणि बकऱ्याच्या कातड्याच्या त्या वासात तोंड खुपसून मुखवट्याशी बोलले.

"झोर्ना, मी आहे. पोट सैल सोड. कंबर ढिली. टाचा आपट. बटाट्याचं पोतं पडतं तशी पड."

आतून बारीक आवाज आला, "बाई, गुण जातील."

"जाऊ देत."

ती उडाली आणि पडली. माझ्या सहा वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवत, टाचांवर, दाणकन. सगळ्या घंटा एकाच वेळी फुटल्यासारख्या वाजल्या. कोंबड्या खुराड्यात कालवा करू लागल्या. ती परत उडाली, परत, परत. मेतोदीने डोक्यावरची टोपी काढली. ही एवढीशी पोर, आणि चार पिढ्यांची माणसं त्या आवाजातून दारात येऊन उभी राहिल्यासारखी वाटली मला.

"थांबा," खिडकीतून आवाज आला. घंटा थांबल्या.

"हा स्त्राहिल नाही," गेरासिम आजोबा म्हणाले. "त्याचा डावा पाय मागून पडतो. त्याच्या घंटा दोनदा बोलतात. ह्या एकदाच बोलल्या." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "दोन्ही पाय एकदम टेकवणारं या घरात एकच माणूस आहे. रोज सकाळी शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरतं. आवाज नाही येत, पण माझा पलंग हलतो."

मुखवटा समोर बघत उभा होता. फक्त कमरेच्या घंटा बारीक बारीक किणकिणायला लागल्या, थांबेचनात.

"रडतेस कशाला," आजोबा म्हणाले. "ऐकू येतंय मला. जा, अख्खं गाव बाकी आहे अजून."

ती पुढच्या दाराकडे निघाली. रविवारी पहाटे पाचला निवडीसाठी तिला तयार ठेव, एवढं मी रोसित्साला सांगितलं आणि घंटांच्या मागोमाग शेवटच्या घरापर्यंत चालत गेले, तिच्या गुडघ्यांवर नजर ठेवून.