हनुवटीखालची फट

"वळून पाहू नका! जो मागे वळला, त्याचं माणूस परत फिरलं म्हणून समजा!"

उजेडबाबांनी एवढं म्हटलं मात्र, तीनशे माना जागच्या जागी ताठ झाल्या. बाहेर दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं. पण सभागृहाच्या खिडक्यांना जाड काळे पडदे लावल्यामुळे आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. मंचावरून पांढरं धुकं उतरू लागलं. पाठोपाठ गोडसर वास पसरला.

"आला, परलोकाचा सुगंध आला," मागून कुणी बाई पुटपुटल्या.

पहिल्या रांगेत ताईच्या शेजारी बसलेल्या दिवेवाल्याला तो सुगंध चांगलाच ओळखीचा होता. धुराच्या यंत्रात ओतायच्या त्या द्रवाचे कॅन त्याच्या दुकानात जिन्याखाली रचलेले असत.  नाटकाला धूर लागतो, नाचाला लागतो, मग बाबांना लागला तर बिघडलं कुठे, असं त्याने मनाशी म्हटलं.

दिवेवाला म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. समारंभांना, नाचगाण्यांना रंगीत दिवे पुरवणं आणि विकणं हा त्याचा धंदा. ताईची एकुलती लेक गेल्या वर्षी तापाने गेली, आठ वर्षांची. तेव्हापासून ताई घरात असून नसल्यासारखी झाली होती. गेल्या महिन्यापासून ती पुन्हा केस विंचरून, ठेवणीतलं नेसून बाहेर पडू लागली, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. कुठे जातेस, असं कुणी खोदून विचारलं नाही. अलीकडे पायऱ्या नीट दिसत नाहीत म्हणाली, म्हणून आज भाऊ सोबत आला होता.

"आत्म्याला अंग नाही, आत्म्याला वजन नाही, आत्म्याला तिकीट लागत नाही!" बाबांचा आवाज चढला. "तो उजेडावर बसून येतो. उजेडात बघा, थेट बघा. पापणी लवली की दार लागलं!"

आत्म्याला तिकीट लागत नसलं, तरी पहिल्या रांगेतल्या खुर्चीला मात्र लागत होतं.

आणि धुक्यात हिरवी रेघ धावली. दोन वेण्या, एक नाक, एक हनुवटी.

"बघ, धाकट्या, बघ! आली माझी चिमणी!" ताईने त्याचा दंड घट्ट धरला. "बोलू बघतेय रे."

दिवेवाल्याच्या अंगावर काटा आला, हे खोटं कशाला सांगायचं? मामाच होता तो. पण उजेड डोळ्यांना टोचला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याची मान आपोआप खाली गेली. पुन्हा तिरक्या नजरेने पाहिलं, तेव्हा चिमणीच्या हनुवटीखाली बोटभर फट दिसली. रेघ तिथे जुळतच नव्हती. मग कुणाचे तरी वडील आले, टक्कल आणि मिशा. त्यांच्या हनुवटीखाली तीच फट. मग एक तरणाबांड मुलगा. पुन्हा फट.

"ती फट नव्हे, ते दार!" बाबा म्हणाले. "आत्मा तिथूनच ये-जा करतो!"

सगळ्यांची दारं हनुवटीलाच?  दिवेवाल्याने ती फट आधी पाहिली होती, स्वतःच्या दुकानाच्या भिंतीवर.

तीन महिन्यांपूर्वी चष्मा लावलेले एक मवाळ गृहस्थ दुकानात आले होते. "लेझरचा प्रोजेक्टर हवाय. स्वस्तातला, पण उजेड असा हवा, की धुक्यातून आरपार गेला पाहिजे."

दिवेवाल्याने टेबलावर तीन मशीन मांडली आणि उत्साहाने माहिती दिली. "आत उजेडाचा एकच ठिपका असतो, साहेब. दोन चिमुकले आरसे त्याला इतके पळवतात, की आपल्याला रेघ दिसते. महागाचे आरसे चपळ. आरसा अडकलाच, तर उजेड आपोआप बंद होतो, एका जागी भाजत नाही. ह्या हिरव्यात ती सोय नाही, आणि आरसेही आळशी. हे बघा, गोल काढला की खाली फट राहते."

"फट चालेल," चष्मेवाले म्हणाले.

"मग हेच घ्या, तुम्हाला परवडेल. फक्त लोकांच्या डोक्यावरून मारायचं हं, डोळ्यांत नाही."

"छे, डोळ्यांत कशाला?"

ते हिरवं मशीन वर्षभर फळीवर पडून होतं. खपलं एकदाचं, म्हणून दिवेवाला त्या दिवशी खूश झाला होता. आता तेच मशीन धुक्यामागून थेट ताईच्या डोळ्यांत पाहत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी बराच वेळ तपासलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"नजरेचा मधला भाग भाजलाय. उजवा डोळा जास्त, डावा थोडा वाचलाय. सूर्याकडे टक लावून पाहिलंत? वेल्डिंग? लेझर?"

ताई उठून पदर सावरू लागली.

"या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या," बाई म्हणाल्या. "भाजलेलं परत येईल असं मी सांगणार नाही. उरलंय ते जपा."

जिना उतरताना ताई हसली. ते हसू पाहून दिवेवाल्याला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"त्यांना काय ठाऊक? बाबांनी मला आधीच सांगितलंय. नजरेसमोर येतो तो काळा ठिपका म्हणजे चिमणीच. तिने माझ्या डोळ्यांत घर केलंय. उद्या सातवी बैठक आहे, धाकट्या. उद्या ती बोलणार आहे."

"ताई, चिमणीचा फोटो त्यांच्याकडे दिला होतास ना?"

"आशीर्वादासाठी मागतात. सगळ्यांचाच."

"गिरवायला मागतात गं! संगणकावर चार रेघा गिरवतात, बाकीचा चेहरा तू भरतेस. ते मशीन मी विकलंय. ह्या हातांनी!"

ताईने कठड्याला धरून पुढची पायरी पायाने चाचपली. "मशीन तुझं असेल. लेक माझी आहे."

 कानीकपाळी ओरडूनही ती ऐकायची नाही, हे त्याला कळून चुकलं.

दुसऱ्या दिवशी तो खुर्चीवर बसलाच नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. धुकं दाटलं, वेण्या उमटल्या, ताई "चिमणे" म्हणाली, तसा तो भिंतीच्या कडेने मंचावर चढला. पडद्यामागे चष्मेवाले संगणकापाशी बसले होते.

"अहो, तुम्ही इथे? काय करताय?"

"दुरुस्ती. हमीत आहे अजून," दिवेवाला म्हणाला आणि त्याने धुराच्या यंत्राची वायर खेचून काढली.

धुकं विरू लागलं. हवेतला चेहरा पुसट झाला. "चिमणे, थांब गं!" ताई उठून उभी राहिली.

"मागे वळा!" दिवेवाला ओरडला. "डोळे वाचवायचे असतील तर सगळ्यांनी इकडे पाठ करा!"

"वळू नका!" बाबा किंचाळले. "शाप लागेल!"

कुणी वळेना. दिवेवाल्याने मंचावरून उडी मारली, ताईचे खांदे धरले आणि तिला फिरवलं. मागच्या भिंतीवर, दाराच्या डोक्यावर, पंख्यांच्या बटणांच्या पाटीशेजारी चिमणीचा चेहरा थरथरत होता. धुक्यात होता त्याहून मोठा, हिरवागार, हनुवटीखाली फट. आणि त्या चेहऱ्याच्या मधोमध एका डोक्याची काळी सावली होती.

"ही सावली कुणाची? हात वर कर, ताई."

ताईने हात वर केला. सावलीचाही हात वर झाला.

"उजेड तिथून निघतो, तुझ्या डोळ्यांत शिरतो आणि उरलेला भिंतीवर पडतो. एवढंच आहे गं ते. दुसरं काही नाही."

एकेक करून माना वळल्या. कुणीतरी "अरेच्चा" म्हणालं. दिवेवाला पुन्हा मंचावर गेला. मशीनच्या पाठीवर तपासणीचं एक बटण असतं, ते त्याने दाबलं. चिमणी नाहीशी झाली आणि भिंतीवर एक गोल उमटला, खाली बोटभर फट असलेला.

"आता हा कुणाचा आत्मा, बाबा?"

 ताईच्या तोंडून जो आवाज निघाला, तसाच आवाज वर्षापूर्वी इस्पितळाच्या व्हरांड्यात निघाला होता. दिवेवाल्याला तो ओळखता आला.

खिडक्यांचे पडदे उघडल्यावर उन्हात बाबा म्हणजे घामाघूम होऊन चपला शोधणारा एक माणूस दिसला. कुणीतरी पोलिसांना बोलावलं, त्यांनी मशीन उचलून नेलं. दिवेवाल्याने जबाब दिला आणि मशीन आपणच निवडून दिलं होतं, हेही लिहून घ्यायला सांगितलं. लोकांनी त्याला डोक्यावर घेऊन नाचवलं, असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक आहे. एक म्हातारी त्याच्या अंगावर धावून आली. "तुझं काय जात होतं रे मेल्या? माझा माणूस मला दिसत होता!" त्याने मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

दुःख माणसाला आंधळं करतं म्हणतात. इथे ते शब्दशः करून दाखवणारे होते. त्यांची सगळी विद्या एका वाक्यात मावत होती: वळून पाहू नका. तेव्हा, वाचकहो, कुणी असं बजावू लागला की आधी वळून पाहा. उजेड कुठून येतो आणि कुणाच्या डोळ्यांत जातो, हे विचारा. जो खरा असेल, त्याला प्रश्नाचा शाप लागत नाही. गेलेल्या माणसासाठी रडायला कुणाची ना नाही. पण त्या रडण्यावर कुणाला दुकान मांडू देऊ नका.

दिवेवाला आता प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, "उजेड कुणावर पडणार?" उत्तर गोलमाल आलं, तर मशीन फळीवरच राहतं.

महिन्याभराने तो ताईकडे गेला, तेव्हा ती खिडकीशी चिमणीचा फोटो घेऊन बसली होती. फोटो डोळ्यांसमोर धरी, मग बाजूला सरकवी.

"सरळ पाहिलं की चेहरा जातो," ती म्हणाली. "कडेने पाहिलं की नुसत्या वेण्या दिसतात. धाकट्या, मग माझ्या डोळ्यांत कोण बसलंय रे?"

"कुणी नाही, ताई. ती भाजलेली जागा आहे."

ताईने मान हलवली. मग फोटो त्याच्या हातात दिला.

"तू सांग कशी दिसते ती."

तो खिडकीच्या उजेडात सरकला. "हसतेय. पुढचा एक दात अर्धा आलाय. डाव्या वेणीची रिबीन सुटलीय."

"ती नेहमीच सुटायची," ताई म्हणाली. "आणि हनुवटी? तिथे फट आहे का?"

"नाही गं. हनुवटी पूर्ण आहे."

ताईने पदर डोळ्यांना लावला. "पुन्हा सांग," ती म्हणाली.