तिसऱ्या ओळीनंतरची मात्रा

"मास्तर, इथं पुन्हा ठेच लागली बघा," झांजवाली म्हणाली आणि सगळ्यांनी काठ्या खाली घेतल्या.

मास्तरांनी कागदावरून मान वर केली नाही. ठेच कुठं लागते ते त्यांना ठाऊक होतं. त्यांची आई अंगाई म्हणताना तिसऱ्या ओळीनंतर हमखास मात्राभर थांबायची. तीच अंगाई तालवाद्यवृंदासाठी बसवताना त्यांनी त्या जागी मोठ्या ढोलाचा ठोका घातला होता. मोकळी जागा त्यांच्याच्यानं बघवत नसे.

"काढून टाका की ती मात्रा," वृंदप्रमुख म्हणाले. "चांगलं चालतं गाणं मध्येच लंगडतंय. उद्या जमलं तर ठीक, नाहीतर कार्यक्रमातून वगळू."

"पोर झोपायला आलेलं, आणि आम्ही कानाशी ढोल बडवतोय," ढोलवाला म्हणाला. "झोपायचं कसं त्यानं?"

सगळे हसले. मास्तरही हसले, जरा उशिरा.

घरी येऊन त्यांनी कुलूप काढलं, कपभर चहा टाकला आणि ताईला फोन लावला.

"आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा?"

"ताई, आईची अंगाई आठवते? तिसऱ्या ओळीनंतर थांबायची, तिथं ठोका कसला असेल गं?"

पलीकडं वाहत असलेला नळ बंद झाला.

"ठोका कसला बाबा. गाण्यात तसं काही नव्हतंच. तान्हेपणी तुला धाप लागायची. ती थांबून कान द्यायची, श्वास चाललाय ना म्हणून. ऐकू आला की पुढची ओळ. तू धडधाकट झालास तरी तिची खोड काही गेली नाही."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?" नळ पुन्हा सुरू झाला. "जेवलास का?"

"हो," मास्तर म्हणाले. भात अजून टाकायचा होता.

दुसऱ्या दिवशी ढोलाचा ठोका खोडलेला पाहून प्रमुख खूश झाले. "काढलीत ना मात्रा?"

"मात्रा आहे. वाजवायचं काही नाही."

"मग करायचं काय तिथं?" ढोलवाल्यानं विचारलं.

"कान द्यायचा."

तिसरी ओळ संपली. साऱ्या काठ्या एकदम अधांतरी थांबल्या. या वेळी कुणीच अडखळलं नाही. त्या शांततेत मास्तरांना एकच श्वास ऐकू आला, त्यांचा स्वतःचा. चालला होता. त्यांनी पुढच्या ओळीसाठी हात उचलला.