प्लेंगकाकांच्या पोटाचा कायदा

बँकॉकहून सरकारी बाई आली ती आमच्या चवळीच्या शेंगा मोजायला नव्हे, शेंगा खाणारी तोंडं मोजायला. शेंगेवर फवाऱ्याचं औषध किती उरलेलं चालेल, याचा कायदा व्हायचा होता. माणूस जितक्या जास्त शेंगा खाणार, तितकं एकेका शेंगेवरचं औषध कमी चालणार, असा सरळ हिशेब.

आमच्या शेंगावाल्यांची म्होरकी सांगियाममावशी. तिनं धसकाच घेतला. मर्यादा कडक झाली तर फवारल्यावर आठवडाभर तोडणी बंद, आणि आमची शेंग एक दिवस वेलावर राहिली तरी जून होते. तिनं सगळ्यांना दम भरला, "विचारलं तर दोन-तीन म्हणायचं. तोंडी लावायला फक्त!"

पण बाई उगवली नेमकी जेवणाच्या वेळेला. "जेवलीस का पोरी?" म्हटल्याशिवाय राचबुरीच्या कालव्यावरून बदकसुद्धा पुढे जात नाही. मिरचीचा ठेचा आला, कच्च्या शेंगांची चळत आली.

"काका, एका वेळी किती खाता?" बाईनं प्लेंगकाकांना विचारलं.

"तीन."

"असं होय! कालव्यापलीकडे तर टोपलीभर खातात. गोड असतील तिकडच्या."

मावशीनं काकांचा पाय दाबला. काही उपयोग झाला नाही.

"गोड? अगं, त्यांच्या शेंगांनी म्हशी बांधतात! ही बघ शेंग!"

खोटं बोलत असेन तर माझे उरलेले दात आत्ता गळोत, हातभर शेंग काकांनी नूडलसारखी सुर्रकन आत ओढली. चळत संपली तसे ते वेलाला भिडले. टोकाकडून खात खात त्यांनी वेल इतका ओढला की मांडवच अंगणात आला. ते पाहून बाकीच्यांनाही चेव चढला. अख्खी आळी शेंगांवर तुटून पडली. बाई एका हातानं लिहीत होती, दुसऱ्यानं ठेचा चाटत होती.

कायदा झाला. मर्यादा इतकी बारीक, की फवारा घरात ठेवला काय नि कालव्यात टाकला काय!

काका पोटावरून हात फिरवत म्हणाले, "सगळा देश आता माझ्या पोटाच्या मापानं जेवणार."

"जेवू दे की," मावशी म्हणाली. "पण फवाऱ्याविना अळ्या कोण मारणार? धरा हा डबा."

मावशीच्या शेंगा अजून रोज बाजारात जातात, कोवळ्या. आणि काका सकाळी मांडवाखाली अळ्या वेचतात. प्रत्येकीला चिमटीत धरून सांगतात, "फवाऱ्यातून वाचलीस ती माझ्यामुळे, विसरू नकोस हं!" आणि मग साबणाच्या पाण्यात टाकतात.